धोंड्याच्या महिन्यातलं घड्याळ

९ जुलै २०२३, रविवार

पोचलो एकदाचे. विमान वेळेवर, सामान शाबूत आणि बायको खुशीत, आणखी काय हवं माणसाला? विमान डमडमला टेकलं आणि मुग्धा जी बंगालीत सुरू झाली ती टॅक्सीवाल्याशी भांडण जिंकूनच थांबली. दोन वर्षांच्या संसारात पुण्यात तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. तिचा जन्म इथला, शाळा इथली. मराठी तिला घरापुरतं येतं, आणि घर म्हणजे तिचे बाबा.

सासरेबुवा फाटकातच उभे होते. लग्नातल्या धावपळीनंतर आज पहिल्यांदाच नीट भेटलो. नाव श्यामकांत, वय शहात्तर, सरकारी बँकेत अधिकारी होते. बदली होऊन कोलकात्याला आले आणि निवृत्त झाल्यावरही परत गेले नाहीत. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. सॉल्ट लेकच्या या दुमजली घरात ते एकटेच राहत होते, आता वरचा मजला आमचा. माझी बदली सेक्टर फाइव्हच्या ऑफिसात झाली हे कळल्यावर मुग्धा अक्षरशः रडली होती, आनंदानं. साताऱ्याहून माझ्या भावानं फोनवर 'घरजावई, घरजावई' म्हणून चिडवून घेतलं. चिडवू दे. ऑफिस रिक्षानं दहा मिनिटांवर आणि भाडं शून्य. आयत्या बिळावरचा नागोबा म्हणतात तो हाच असेल, तर नागोबाला अक्कल आहे.

जेवायला आमटी-भात आणि तळलेला इलिश मासा. सासरेबुवा एकेक घास डोळे मिटून खात होते आणि मधेमधे बँकेतल्या गोष्टी सांगत होते. बोलणं ऐकत राहावं असं. तीन भाषांतली वर्तमानपत्रं रोज वाचतात म्हणे. मला पहिल्याच दिवशी 'कौस्तुभराव' केलं. माणूस आवडला.

२३ जुलै, रविवार

आज धोंडे जेवण झालं. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, म्हणजे मी साक्षात विष्णू. पुरणाचे धोंडे आणि जाळीदार अनारसे डमडमला राहणाऱ्या, ओळखीच्या वृंदाकाकूंनी करून पाठवले होते. सासूबाई नाहीत म्हणून सासरेबुवांनी स्वतः पाट मांडला, वाकताना गुडघे वाजले तरी माझे पाय धुतले. मला संकोच वाटला, पण खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं.

वाण म्हणून घड्याळ दिलं. चावीचं, स्विस, तबकडी सायीच्या रंगाची होत आलेली. त्यांना ते त्यांच्या सासऱ्यांनी, प्रभाकररावांनी, अशाच एका अधिकात दिलं होतं. मनगटावर बांधताना म्हणाले, "तुमचं आहे, कौस्तुभराव. वापरा, ठेवा, उद्या कुणाला द्या. फक्त किंमत विचारायची नाही. वाणाची किंमत करू नये. मी कधी केली नाही."

मी हसून मान डोलावली. पण मी परचेसमधला माणूस. दिवसभर लोकांचे दर काढणं हा माझा धंदा. 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' असं मला हिणवायला हरकत नाही, पण माझ्या मते गाय धर्माची असली तरी दात बघावेत. तिला चारा आपल्यालाच घालायचा असतो.

२९ जुलै, शनिवार

फोनवर शोधलं तर अशा घड्याळांना दहा हजारांपासून दहा लाखांपर्यंत काहीही दर. याला काय अर्थ आहे? ऑफिसातल्या एकानं राधाबाजारच्या मागच्या गल्लीतलं एक दुकान सांगितलं, तिथे जाऊन आलो. जिन्याखालची खोली, भिंतभर बंद घड्याळं, आणि मालक पाइनबाबू, गोल चेहऱ्याचे, अतिशय नम्र.

मला वाटलं भिंग लावतील, मागचं झाकण उघडतील. तसलं काही नाही. त्यांची रीत वेगळीच. घड्याळ मनगटावरून त्यांच्यासमोरच काढायचं. खिशातून, डबीतून आणलेलं ते बघत नाहीत. म्हणतात, थंड घड्याळाचा भाव सांगता येत नाही. मग त्यांनी ते मुठीत धरलं आणि बंगाली वळणाच्या हिंदीत विचारलं, कुणी दिलं? मी म्हणालो, सासऱ्यांनी. विचारलं, आहेत का? मी म्हणालो, आहेत, ठणठणीत आहेत. पाइनबाबूंचा चेहरा खुलला. कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून माझ्याकडे वळवला. अठरा हजार.

जरा निराश झालो. म्हणालो, विकायचं नाहीये, नुसता भाव विचारला. ते म्हणाले, कितीही वेळा विचारा, विचारण्याचे पैसे नाहीत.

घरी आलो तर सासरेबुवा चहात चौथा चमचा साखर घालत होते. आज साखर गोडच नाही म्हणाले. मुग्धा रागावली. आमटीही त्यांनी मीठ घालून घालून खारट केली आणि शेवटी ताट बाजूला सारलं. सर्दी झाली असेल.

१३ ऑगस्ट, रविवार

सर्दी नाही. चव गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं कधीकधी. हा माणूस आता औषध घेतल्यासारखा जेवतो. काल मुग्धानं बाजार पालथा घालून चांगला इलिश आणला, तर त्यांनी तो लेकीच्या समाधानासाठी संपवला आणि फार छान झालाय असं म्हणाले. मुग्धा आत जाऊन रडली. मलाही वाईट वाटलं.

न्यूटाउनमध्ये एक नवी इमारत होतेय. सहज बघून आलो. सासऱ्याच्या छपराखाली किती दिवस राहणार? बुकिंगची रक्कम जमवायला हवी.

१९ ऑगस्ट, शनिवार

पाइनबाबूंकडे पुन्हा गेलो. पहिला भाव हा कधीच खरा नसतो, हे मी ऑफिसात नव्या पोरांना शिकवतो. त्यांनी घड्याळ मुठीत धरलं आणि विचारलं, "उनि केमन आछेन?" म्हणजे ते कसे आहेत? मी म्हणालो, तोंडाची चव गेलीय, बाकी ठीक. त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि आकडा वळवला. पासष्ट हजार.

तीन आठवड्यांत साडेतीन पट! मी कारण विचारलं, तर म्हणाले, मागच्या वेळी घड्याळाची नीट ओळख नव्हती. मी खुशीत मिठाई घेऊन घरी आलो, आणि ती टेबलावरच राहिली. दुपारपासून सासरेबुवा वर्तमानपत्र उलटसुलट करून बघत होते आणि छापखान्याला शिव्या देत होते. अक्षरं चुकीची छापलीत म्हणे. मुग्धानं दुसरं दिलं, तिसरं दिलं. मुलीनं समोर धरलेलं स्वतःचं नावही त्यांना वाचता येईना.

संध्याकाळी डॉक्टरांनी लगेच स्कॅन करवला. मेंदूत एक बारीकसा झटका येऊन गेलाय. गंमत अशी की त्यांना लिहिता येतं. सही करतात, चिठ्ठी लिहितात. आणि लिहिलेलं स्वतःच वाचू शकत नाहीत.

२ सप्टेंबर, शनिवार

दोन्ही वेळा मी तिकडे गेलो त्याच दिवशी. हे मनात येतं आणि मी ते झटकतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी चोरी काय केलीय? भाव विचारला. भाव विचारून कुणाच्या मेंदूत गाठ होते का?

मुग्धा रोज त्यांना वाचून दाखवते. मराठी अडखळत वाचते, ते चुका सुधारतात, मग दोघं हसतात. मी जिन्यात उभा राहून ऐकतो. ती इतकी लहान मुलीसारखी माझ्याशी कधी हसली नाही, याचा मला थोडा हेवा वाटतो.

२१ सप्टेंबर, गुरुवार

सासरेबुवा गणपतीला पुण्याला, धाकट्या भावाकडे गेलेत. मुग्धाच घेऊन गेलीय. घर रिकामं. मला वाटलं, हीच वेळ आहे शहानिशा करायची. ते तिकडे, मी इकडे, मधे अख्खा देश. काही झालं नाही तर मनातलं भूत कायमचं जाईल. लंच टाइममध्ये टॅक्सी करून गेलो.

दीड लाख.

संध्याकाळी मुग्धाचा फोन आला. दुपारी आरती म्हणता म्हणता बाबा मधेच थांबले. तेव्हापासून त्यांना शब्द सापडत नाहीत. पाण्याला 'ते ओतायचं' म्हणतात. भावाचं नाव सांगता येत नाही. ती हुंदके देत होती. मी धीर दिला. खरंच दिला. फोन ठेवला तेव्हा माझा शर्ट घामानं चिंब झाला होता, आणि तरी डोक्यात दीड लाख, दीड लाख चाललं होतं. मला माझीच भीती वाटली.

भूत गेलं नाही. पण आता शंकाही राहिली नाही.

७ ऑक्टोबर, शनिवार

कानाला खडा लावला होता. घड्याळ कपाटात ठेवून दिलं होतं.

आज न्यूटाउनच्या बिल्डरचा फोन आला. दुर्गापूजेच्या आधी बुकिंग केलं तर सवलत. मी हिशेब मांडला. माणूस शहात्तरचा. चव नाही, वाचन नाही, बोलणं नाही. यात जगण्यासारखं उरलंय काय? उलट सुटतील बिचारे. हे मी लिहितोय आणि मला कळतंय की मी काय लिहितोय. अकाउंट्समध्ये याला घसारा म्हणतात. वस्तू जुनी झाली की तिची किंमत पुस्तकात कमी करत जायची.

घड्याळ बांधलं आणि गेलो.

"उनि केमन आछेन?" पाइनबाबूंनी विचारलं. मी सांगितलं. या वेळी मी सगळं नीट सांगितलं, काय काय गेलं ते. ते ऐकत होते आणि त्यांचा अंगठा तबकडीवर फिरत होता. चार लाख. तिथेच विकायला हवं होतं. पण पाइनबाबू हळूच म्हणाले की अजून एकदा विचारलंत तर याचा भाव कुठच्या कुठे जाईल. आणि मला मोह झाला.

घरी सासरेबुवा खुर्चीत नीट बसले होते. मुग्धा त्यांचे केस विंचरत होती. त्यांनी तिच्याकडे बघून अदबीनं हात जोडले, परक्या बाईला जोडतात तसे. ती 'बाबा' म्हणाली तर ते घाबरले आणि माझ्याकडे बघायला लागले, या बाईंना घरी जायला सांगा अशा नजरेनं.

१५ ऑक्टोबर

महालया झाली, म्हणजे दुर्गापूजा आलीच. गल्लीत मांडव, ढाक नावाचे ढोल, दिवे. मुग्धा बाबांसमोर बसते, ते तोंड फिरवतात. काल म्हणाली, आता माझ्याशी मराठी बोलणारं कुणी उरलं नाही. मी म्हणालो, मी आहे ना. ती उठून बाबांचं ताट उचलायला गेली.

३० ऑक्टोबर, सोमवार

आज विकायचंच म्हणून गेलो. शेवटचं एकदा विचारायचं, पैसे घ्यायचे आणि हा खेळ संपवायचा. पाइनबाबूंनी मूठ मिटली. आकडा टाकायला बोट उचललं आणि माझा फोन वाजला. मुग्धा. फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. मागे बाबांना सांभाळायला ठेवलेली आया बंगालीत देवाचा धावा करत होती.

पाइनबाबूंना न सांगता कळलं. त्यांनी कॅल्क्युलेटर पुसून तीन हजार लिहिलं. मी ओरडलो. मागच्या वेळी चार लाख होते! ते अतिशय नम्रपणे म्हणाले, "देनेवाला चला गया, दादा. अब तो पुराना घड़ी है."

तीन हजार. मी टॅक्सीत रडलो. कुणासाठी ते इथे लिहीत नाही.

१४ नोव्हेंबर, पाडवा

यंदा सण नाही. पण शास्त्रापुरतं मुग्धानं एक निरांजन लावून ओवाळलं. तबकात काहीतरी घालायला हवं. मी काही आणलं नव्हतं. दुकानात जायची इच्छाच राहिली नाही. कपाटात ते घड्याळ होतं, तीन हजारांचं. म्हटलं, हिच्या वडिलांची आठवण आहे, हिलाच देऊ. तबकात ठेवलं. बाबांचं घड्याळ बघून तिचा चेहरा इतका हलला की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

पट्टा तिच्या मनगटाला फार मोठा. लहान कुठे करून मिळेल विचारलं. माझा ऑफिसचा फोन चालू होता, मी कागदावर पाइनबाबूंचा पत्ता लिहून दिला.

दिल्यावर सुचलं. देणारा आता मी. पण भाव तर मेला ना? तीन हजारांच्या जुन्या घड्याळात काय उरलंय?

१८ नोव्हेंबर, शनिवार

मुग्धा पट्टा करून आली. दुकानदाराशी छान गप्पा झाल्या म्हणाली, बंगालीत. मालक फार अगत्यशील आहेत. जेवताना माझ्याकडे बघत होती, बराच वेळ.

वांग्याची भाजी बेचव होती. म्हणालो, मीठ विसरलीस का? ती म्हणाली, नाही.

२० नोव्हेंबर

लोणचं खाल्लं. मिरची चावली. डोळ्यांत पाणी आलं, जीभ भाजली, पण चव नाही. कशालाच चव नाही. साखर म्हणजे वाळू.

सर्दी असेल. सर्दीच असेल.

२५ नोव्हेंबर, शनिवार

विचारलं तिला. तिनं लपवलं नाही. चहाचा कप माझ्यापुढे ठेवला, समोर बसली, आणि तिच्या त्या अडखळत्या मराठीत सावकाश सांगितलं. पट्टा कापताना पाइनबाबूंनी घड्याळ ओळखलं. तुमचे मिस्टर नेहमी यायचे म्हणाले. पहिल्यांदा जुलैअखेरीला. मग ऑगस्टमध्ये. गणपतीत. महालयेच्या आधी. आणि ऑक्टोबरच्या शेवटी. ती उभ्या उभ्या एकेक तारीख बाबांच्या आजारपणाशी जुळवत गेली. मग पाइनबाबूंनी विचारलं, हे तुम्हाला कुणी दिलं? ती म्हणाली, नवऱ्यानं. कसे आहेत ते? ती म्हणाली, ठणठणीत आहेत.

आणि मग तिनं भाव विचारला.

मी म्हणालो, मुग्धा, मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, पहिल्यांदा ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदाही नसेल. मग थांबली. मी मान खाली घातली. म्हणालो, विकून टाक ते, आत्ताच्या आत्ता, सगळे पैसे तू घे. ती म्हणाली की पैसे नकोत, बाबांची वस्तू ती कशी विकेल?

घड्याळ परत मागितलं. दिलेली ओवाळणी कुणी परत मागतं का, म्हणाली. मी हात धरला. अजून घरकामाला येणारी आया दारात आली. सोडला.

१० डिसेंबर

काल ती गेली होती.

वही समोर आहे. मी लिहितोय आणि हात बरोबर चालतोय, हे मला हाताला कळतं. पण कागदावर मुंग्या आहेत. माझं कालचं, परवाचं, सगळं मुंग्या. ऑफिसची मेल उघडली आणि बंद केली. कुणाला सांगू? साहेबांना म्हणालो, डोळे आलेत.

तेच डॉक्टर. तोच स्कॅन. एवढ्या लहान वयात, म्हणाले, आश्चर्य आहे. मी त्यांना सगळं सांगितलं, घड्याळ, पाइनबाबू, सगळं. त्यांनी मुग्धाला बाजूला घेतलं. संशय येणं हाही आजाराचाच भाग आहे असं तिला सांगितलं, मला भिंतीआडून ऐकू आलं. अशी बायको मिळाली हे नशीब म्हणाले.

माझ्या वेळचा पहिला भाव वीस हजार होता. बाबांपेक्षा दोन जास्त. कालचा लाखाच्या वर. हे तीच सांगते, रोजचा बाजार सांगावा तसं. तरुण आहेस ना, म्हणते.

१२ किंवा १३ डिसेंबर

साताऱ्याला पळू? पुण्याला होते ते. अख्खा देश मधे होता. मीच तर शहानिशा केली.

झोपेत तिच्या मनगटावरून काढावं. हात लावला तर जागीच होती. म्हणाली, घे ना. फोड. मग मला विचारता येणार नाही, आणि जे गेलंय तेही परत येणार नाही. तुझ्या मनानं बघ. मी फोडलं नाही. का नाही फोडलं? अजूनही मला वाटतंय की ती थांबेल. ती मुग्धा आहे. मला भरवते. तोंड पुसते. शेजारच्या बायका तिला देवी म्हणतात.

नाताळ, बाहेर गाणी चाललीत

पार्क स्ट्रीटला दिवे असतील. ती गेली होती सकाळी. येताना केक आणला.

ते... ज्यात पाणी... ते फुटलं हातातून. नाव येत नाही. पायात घालायचं त्याचं नाव नाही. भाऊ फोनवर हसला, मग हसायचा थांबला. त्याचं नाव म्हणायचं होतं. माझ्याच भावाचं. दि... दिवा... नाही.

शब्द साठवून ठेवायला हवेत. रोज थोडे म्हणतो. दार. हात. आई. मुग्धा. मुग्धा. मुग्धा.

जानेवारी

ती वाचून दाखवते मला. वर्तमानपत्र. चुकते. मी सुधारू शकत नाही. तिला हसायचं असतं, बाबांबरोबर हसायची तसं. मी हसतो. ती रडते. मग उठते आणि घड्याळाला चावी देते.

विचारलं, किती वेळा अजून? बोटांनी विचारलं. ती म्हणाली, तू किती वेळा गेलास?

पाच. पाचव्याला बाबा...

तिच्या तीन खेपा झाल्या. चौथ्याला माणसं ओळखू येत नाहीत. मला तिचा चेहरा... तो गेला तर मग मी कुणाला नको म्हणू?

शनिवार असावा

वही दाखवली तिला. मला वाचता येत नाही, पण तिला येतं. सगळी वाचली. पहिल्या पानापासून. फार वेळ. बाबांनी पाय धुतले ते पान परत वाचलं.

मला वाटलं आता.

वही मिटली. माझ्या हातात दिली. पेन दिलं. म्हणाली, लिही.

साडी नेसलीय. हिरवी. घड्याळ. टॅक्सी खाली वाजतेय.

एक शब्द ठेवलाय मी. बाकी सगळे जाऊ दिले, हा धरून ठेवला. तिचं नाव. ते घेऊन हाक मारली तर ती वळेल. वळली तर थांबेल. नाव घेऊन मी तिला कधी नीट हाक... नेहमी 'अगं' आणि 'ए'...

दारात आहे. पायात ते घालतेय. कडी

आता. आत्ता म्हणायचं. ओठ उघडलेत. नाव. तिचं नाव म... मा... माझी... ती उघडतेय दार, थांब, थांब ना गं, तुझं नाव